ज्युनिअर फूटी संघातील प्रत्येक मुलाच्या हंगामभराच्या प्रगतीची नोंद कशी ठेवावी

मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी अशा उपनगरांत बरीच मराठी कुटुंबे राहतात आणि त्या घरांतील मुले शाळेतल्या मित्रांबरोबर स्थानिक फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, क्लबांत जाऊ लागली आहेत. हे क्लब मुख्यतः पालकांच्या स्वयंसेवेवर चालतात, त्यामुळे ज्यांनी स्वतः कधी लंबगोल चेंडूला पाय लावलेला नाही अशा आईवडिलांकडेही एखाद्या हंगामात टीम मॅनेजरची किंवा सहायक प्रशिक्षकाची जबाबदारी येते. खेळाचे बारकावे शिकायला वेळ लागतो. परंतु संघातील प्रत्येक मूल मार्चमध्ये कुठे होते आणि ऑगस्टमध्ये कुठे पोहोचले याची नीट नोंद ठेवण्याचे काम नवखा पालकही उत्तम करू शकतो. हे मार्गदर्शन त्या कामासाठी आहे. त्यामागील भूमिका एकच आहे: मुलाची तुलना त्याच्याच हंगामाच्या सुरुवातीशी करावी आणि त्यासाठी थोड्याच गोष्टी, पण ठरलेल्या पद्धतीने, शेवटपर्यंत नोंदवाव्यात.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना येथे पहिली अडचण जाणवते. क्रिकेटच्या धावपुस्तिकेत प्रत्येक चेंडूचा हिशेब असतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या धावफलकावर केवळ गोल आणि बिहाइंड दिसतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर एक गुण, एवढेच त्यात येते. मैदान प्रचंड आहे, ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे खेळाडू सर्वत्र विखुरलेले असतात आणि पाहणाऱ्याचे डोळे चेंडूमागे धावतात. ज्या मुलाने आपल्या सोबत्याला वाट मोकळी करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरले, किंवा ज्याने तीन वेळा धावत येऊन चौथ्यांदा चेंडू मिळवला, त्याचे नाव फलकावर कधीच येत नाही. म्हणून नोंद ठेवणाऱ्याने काय पाहायचे हे आधीच ठरवावे लागते.

वयोगट आणि नियम आधी समजून घ्यावेत

ज्युनिअर फुटबॉल हा मोठ्यांच्या खेळाची लहान प्रत नाही. मोठ्यांच्या संघात मैदानावर १८ खेळाडू असतात. मुलांच्या गटांत वयानुसार संघ लहान असतो, मैदान आखूड असते आणि चेंडूही लहान असतो. १२ वर्षांखालील गटात साधारणतः १५ खेळाडू मैदानात असतात. अगदी लहान गटांत, म्हणजे १० वर्षांखालपर्यंत, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे ज्युनिअर धोरण गुण, गुणतक्ता आणि अंतिम फेरी यांपैकी काहीही ठेवू नये असे सांगते. टॅकलचे, म्हणजे चेंडू हाती असलेल्या प्रतिस्पर्ध्याला धरून अडवण्याचे, नियमही वयानुसार सौम्य केलेले असतात. वेस्टर्न रीजन, यारा ज्युनिअर अशा प्रत्येक लीगचे स्वतःचे उपनियम असतात, ते हंगाम सुरू होण्यापूर्वी वाचून घ्यावेत. जिथे गुण ठेवायचे नाहीत तिथे मैदानाच्या कडेला उभे राहून कोणी पालकाने खासगी हिशेब ठेवू नये आणि नोंदवहीतही तो येऊ देऊ नये. मुलांना तो कळतोच, आणि मग चेंडू दुसऱ्याला देण्याऐवजी जो तो गोलकडे धावू लागतो.

नोंदणी, संघयादी आणि निकाल हे सर्व प्लेएचक्यू या प्रणालीवर असते व टीम मॅनेजरला तिचा वापर करावाच लागतो. आपली नोंदवही मात्र वेगळी ठेवावी. एक साधी वही किंवा संगणकावरील तक्ता पुरेसा आहे. प्रत्येक मुलासाठी एक पान, आणि सामन्यांसाठी स्वतंत्र पाने. काम हाती घेताना बालकांसोबत काम करण्यासाठी व्हिक्टोरिया राज्यात आवश्यक असलेली तपासणी पूर्ण करून घ्यावी, कारण आपल्याच मुलाच्या संघासोबत असलात तरी क्लब आणि लीग ती सहसा मागतातच.

पहिली नोंद सरावाच्या सुरुवातीलाच घ्यावी

हंगामपूर्व सराव फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि सामने एप्रिलच्या सुमारास. या मधल्या आठवड्यांतच पहिली नोंद घ्यावी, कारण सामने सुरू झाले की कोणालाही सवड नसते आणि मे महिन्यात घेतलेल्या नोंदीला सुरुवातीची नोंद म्हणता येत नाही.

चार कौशल्ये पुरेशी आहेत. पहिले ड्रॉप पंट, म्हणजे या खेळातील मूळ किक: चेंडू उभा धरून, टोक खाली ठेवून सोडायचा आणि जमिनीला लागण्यापूर्वी त्याच्या खालच्या टोकाला पायाच्या वरच्या भागाने मारायचे, म्हणजे तो उलटा फिरत सरळ जातो. ठरावीक अंतरावर, १२ वर्षांखालील मुलांसाठी १५ मीटर बरे, जोडीदार उभा करावा आणि दहा किक उजव्या पायाने व दहा डाव्या पायाने मारायला सांगाव्यात. जोडीदाराला एका पावलापेक्षा जास्त न हलता किती चेंडू झेलता आले, तेवढाच आकडा लिहावा. दोन्ही पायांचे आकडे वेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे. हंगामात सर्वांत स्पष्ट आणि मुलाला स्वतःला जाणवणारी सुधारणा बहुधा दुसऱ्या पायातच दिसते. जे मूल मार्चमध्ये डाव्या पायाने दहापैकी एक किक नीट मारते आणि ऑगस्टमध्ये चार मारते, त्याची प्रगती चांगली आहे, जरी त्याने हंगामभरात एकही गोल केला नसला तरी.

दुसरे हँडबॉल: एका तळहातावर चेंडू ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने त्याला ठोसा देणे. क्रिकेट खेळणारी मुले घाईत चेंडू फेकतात, आणि फेकणे या खेळात नियमबाह्य आहे, म्हणून आकड्यासोबत ही सवयही नोंदवावी. तिसरे मार्क, म्हणजे पायाने मारलेला चेंडू हवेत झेलणे. छातीशी येणारा आणि डोक्यावरून येणारा असे दोन प्रकार वेगळे पाहावेत, कारण लहान मुले चेंडू छातीवर आदळू देतात आणि हात पुढे करून झेलायला उशिरा शिकतात.

चौथे कौशल्य जमिनीवरचा चेंडू उचलण्याचे, आणि माझ्या मते ज्युनिअर गटात हेच सर्वांत बोलके आहे. लंबगोल चेंडू कोणत्या बाजूला उसळेल हे सांगता येत नाही, लहान मुलांच्या सामन्यात तो बहुतेक वेळ जमिनीवरच असतो, आणि जे मूल गुडघे वाकवून, दोन्ही हात चेंडूमागे नेऊन तो एका झटक्यात उचलते त्याला पुढचे सगळे करायला वेळ मिळतो. घरंगळत सोडलेले दहा चेंडू द्यावेत आणि किती एका प्रयत्नात, किती दोन प्रयत्नांत, किती निसटले हे लिहावे. येथेच मूल चेंडूकडे पाहते की समोरून येणाऱ्या खेळाडूकडे, हेही कळते. भीती वाटत असेल तर ती हळूच नोंदवून प्रशिक्षकाला सांगावी. त्याबद्दल मुलाला काहीही बोलू नये.

प्रत्येक नोंदीशेजारी तारीख, चेंडूच्या आकाराचा क्रमांक, मैदान कोरडे की ओले, आणि वारा होता का, हे लिहिलेच पाहिजे. जुलैतील ओल्या चेंडूने घेतलेला आकडा मार्चच्या कोरड्या आकड्याशेजारी ठेवला तर चांगले शिकणारे मूलही मागे पडल्यासारखे दिसते. हीच चाचणी हंगामाच्या मध्यावर एकदा आणि शेवटच्या आठवड्यांत एकदा घ्यावी. त्यापेक्षा अधिक वेळा घेतली तर सरावाची परीक्षा होते.

सामन्याच्या दिवशीचा कागद

संपूर्ण हंगामात सर्वांत उपयोगी ठरणारा दस्तऐवज हाच. डावीकडे मुलांची नावे, पुढे चार क्वार्टरचे चार रकाने, आणि प्रत्येक रकान्यात ते मूल कोठे खेळले: फॉरवर्ड, मिडफिल्ड, बॅक, रक (पंचाने उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा खेळाडू) किंवा बाकावर. हे लिहायला एकच व्यक्ती नेमावी आणि ती व्यक्ती त्या दिवशी पाणी देणे, गोलपाशी झेंडे धरणे अशा दुसऱ्या कोणत्याही कामात नसावी.

बाकावरील वेळेचा हिशेब आधीच मांडावा. १५ जण मैदानात आणि संघात २० मुले असतील तर चार क्वार्टर मिळून ६० जागा होतात, म्हणजे प्रत्येकाला बरोबर तीन क्वार्टर मिळतात आणि प्रत्येकाने एक क्वार्टर बसायचे. २२ मुले असतील तर मात्र १६ जणांना तीन आणि सहा जणांना दोनच क्वार्टर येतात. तो फरक मुलांना बोचतो. अशा वेळी प्रत्येक क्वार्टरच्या मध्यावर बदल करावा: १२० अर्ध्या जागांपैकी दहा मुलांना सहा आणि बारा मुलांना पाच अशी वाटणी होते, आणि कोणातही अर्ध्या क्वार्टरपेक्षा जास्त अंतर राहत नाही. ज्यांना या रविवारी कमी मिळाले त्यांची नावे पुढच्या सामन्याच्या कागदावर सर्वांत वर लिहावीत.

सहा-सात सामन्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की जे मैदानावर दिसत नाही ते दिसू लागते. एखादे मूल प्रत्येक वेळी बॅक पॉकेटमध्येच, म्हणजे आपल्या गोलजवळच्या कोपऱ्यात, उभे आहे, आणि संघ जिंकत असल्याने चेंडू तिकडे फारसा फिरकतच नाही. दुसरे मूल उंच आहे म्हणून सतत रकमध्ये उड्या मारते आहे आणि जमिनीवरचा खेळ शिकायची संधी त्याला मिळालेलीच नाही. कोणीही हे जाणूनबुजून करत नाही. सामन्याच्या गडबडीत प्रशिक्षक ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच मध्यभागी पाठवतो. परंतु ज्याला संधी मिळाली नाही त्याची प्रगती झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि हा कागद तो अन्याय वेळेत दाखवतो. प्रशिक्षकासमोर तो तक्रार म्हणून ठेवू नये; पुढच्या सामन्याची मांडणी सोबत करण्याचे साधन म्हणून ठेवावा.

सामन्यात काय मोजावे

दूरदर्शनवर व्यावसायिक सामने पाहताना किक आणि हँडबॉल यांची एकत्रित संख्या, मार्क, टॅकल, क्लिअरन्स (झटापटीतून चेंडू बाहेर काढणे) असे आकडे सतत दिसतात, म्हणून पालकांना तेच मोजावेसे वाटतात. १३ वर्षांखालील मुलांत हे आकडे मुख्यतः शरीर दाखवतात. वयोगट सामान्यतः १ जानेवारीच्या वयावर ठरतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच संघात असते. त्यात एखाद्याची उंची लवकर वाढलेली असली तर त्याच्याकडे वीस वेळा चेंडू येतो आणि दुसऱ्याकडे तीन वेळा. या दोन आकड्यांची तुलना करून काहीच कळत नाही.

त्याऐवजी प्रयत्न आणि निर्णय मोजावेत. चेंडूसाठी झालेल्या झटापटीत मूल गेले का. पहिल्यांदा हुकल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न केला का. चेंडू हाती आल्यावर मारण्यापूर्वी डोके वर करून पाहिले का. अडचणीत दुसऱ्या पायाने किक मारून पाहिली का. टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, म्हणजे नियमात, केला का. सोबत्यासाठी वाट अडवून धरली का. प्रत्येकासाठी एक रेघ पुरते. परंतु वीस मुलांचे हे सर्व एकाच वेळी पाहणे कोणालाही शक्य नाही, म्हणून प्रत्येक सामन्यात चारच मुले निवडावीत आणि दोन पालकांनी प्रत्येकी दोन मुले पाहावीत. पाच सामन्यांत संपूर्ण संघ एकदा पाहून होतो, आणि पंधरा सामन्यांच्या हंगामात प्रत्येक मूल तीनदा पाहिले जाते. आपल्या मुलाची नोंद आपण करू नये, हा नियम कोणतीही सवलत न देता पाळावा. कोणाचे निरीक्षण चालू आहे हे मुलांना सांगू नये.

संघाच्या प्रगतीविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण मोठ्या वयोगटांत गुणतक्ता असतो आणि पालक तोच पाहतात. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन, आणि समान गुण असल्यास टक्केवारी पाहतात; केलेल्या एकूण गुणांना खाल्लेल्या एकूण गुणांनी भागून शंभरने गुणले की ती मिळते. अनेक लीगांत पहिले काही सामने केवळ संघांची पातळी ठरवण्यासाठी असतात आणि त्यानंतर संघ वरच्या किंवा खालच्या विभागात हलवला जातो. वर गेलेला संघ पुढे हरू लागला तर ती घसरण मानू नये. एकाच सामन्यातही आकडे उलगडून पाहावेत. आपला संघ ४.९ (३३), म्हणजे चार गोल, नऊ बिहाइंड आणि एकूण ३३ गुण, आणि समोरचा ६.२ (३८) असा निकाल असेल, तर आपण हरलो हे खरे, पण आपण तेरा वेळा गोलवर प्रयत्न केला आणि त्यांनी आठ वेळा. म्हणजे चेंडू पुढे नेण्यात मुले सरस होती आणि पुढच्या आठवड्यात गोलसमोरच्या शांत किकचा सराव हवा. संघ प्रत्येक क्वार्टरला बाजू बदलतात, त्यामुळे मेलबर्नच्या पश्चिमेतील उघड्या मैदानांवर, जिथे हिवाळ्यात वारा जोरात असतो, पहिल्या क्वार्टरची तुलना तिसऱ्याशी आणि दुसऱ्याची चौथ्याशीच करावी.

दुखापत, वाढते वय आणि मधला पडाव

प्रत्येक मुलाच्या पानावर दुखापतीचा रकाना असावा. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका जरी आली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. ऑस्ट्रेलियात सामुदायिक फुटबॉलसाठी असलेल्या सध्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामन्यात परतण्यास किमान २१ दिवस लागतात आणि वैद्यकीय परवानगी आवश्यक असते. मर्डॉक बालसंशोधन संस्थेने एएफएल या खेळाच्या मुख्य संघटनेसोबत तयार केलेले हेडचेक हे अ‍ॅप अशा वेळी लक्षणे तपासायला मदत करते. ते टीम मॅनेजरच्या फोनवर आधीच असावे. घटनेची तारीख, वेळ आणि कोणी पाहिले हे लगेच लिहावे. अंतिम फेरी जवळ आली की दिवस मोजण्यात घाई करण्याचा मोह होतो, आणि लिहिलेली तारीखच त्या वेळी मुलाच्या बाजूने उभी राहते.

११ ते १४ या वयात काही मुलांचे हातपाय अचानक लांब होतात आणि काही महिने त्यांचा तोल व समन्वय बिघडतो. मार्चमध्ये सहज किक मारणारे मूल जूनमध्ये चाचपडताना दिसते. टाचेचे किंवा गुडघ्याखालचे दुखणेही याच काळात धावणाऱ्या मुलांत सर्रास आढळते. मधल्या चाचणीत आकडे खाली आले तर प्रथम पालकांना उंचीविषयी, झोपेविषयी आणि दुखण्याविषयी विचारावे. उंची वाढत असल्याची एक ओळ पानावर लिहिली की पुढे ते पान वाचणारा चुकीचा निष्कर्ष काढत नाही.

हंगामाच्या मध्यावर प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे बोलावे. प्रशिक्षकाने बोलावे, नोंद ठेवणाऱ्याने सोबत बसावे. मुलाने आधी सांगावे की त्याला काय जमू लागले आहे. मग वहीतील एक सुधारणा दाखवावी आणि पुढच्या सहा आठवड्यांसाठी एकच गोष्ट ठरवावी. त्यानंतर पालकांशी बोलणे. आपल्या मराठी घरांतून येथे बहुधा विचारले जाते की आमचा कितवा आहे, आणि पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले आजी-आजोबाही कौतुकाने तेच विचारतात. त्यांना क्रमांक सांगू नये. मुलाचे मार्चचे आणि जूनचे पान शेजारी ठेवून दाखवावे. बहुतेक पालकांचे त्यावर समाधान होते, कारण त्यांना खरोखर हवी असते ती कोणीतरी आपल्या मुलाकडे नीट पाहिल्याची खात्री. सोळा-सतराव्या वर्षी होतकरू खेळाडूंच्या टॅलेंट लीगमधील वेस्टर्न जेट्ससारख्या संघांत निवड होण्याविषयी कोणी बाराव्या वर्षी विचारले, तर या वहीवरून त्याचे उत्तर देऊ नये.

बक्षिसे आणि वहीचे पुढे काय

हंगामाअखेर बक्षीस समारंभ असतो. मोठ्या गटांत सर्वोत्तम व खिलाडूवृत्तीच्या खेळाडूसाठी प्रत्येक सामन्यात ३, २, १ अशी मते देतात. व्यावसायिक स्पर्धेतील ब्राउनलो पदकासाठीही, जे १९२४ पासून दिले जाते, पंच अशीच मते देतात. ही मते सामन्यानंतर लगेच, सहीसह, बंद पाकिटात ठेवावीत. सर्वाधिक सुधारणेचे बक्षीस मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात आठवणीवर ठरते आणि ऑगस्टमध्ये उठून दिसलेल्या मुलाला जाते. ते तिन्ही चाचण्यांचे आकडे आणि निरीक्षणाच्या रेघा पाहूनच ठरवावे. लहान गटांत प्रत्येक मुलाला पदक मिळत असेल तर देताना त्याच्या पानावरील एक खरी, नेमकी गोष्ट सांगावी: हिने जमिनीवरचा चेंडू एका झटक्यात उचलायला शिकले, याने पहिल्यांदा डाव्या पायाने किक मारून चेंडू सोबत्यापर्यंत पोहोचवला.

मुलांची पाने खासगी समजावीत. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तक्ता कधीही टाकू नये. प्रत्येक पालकाने केवळ आपल्या मुलाचे पान पाहावे, आणि चाचणीचे चित्रीकरण करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. हंगाम संपल्यावर पानाची एक प्रत कुटुंबाला द्यावी. पुढील वर्षीच्या प्रशिक्षकाकडे ती द्यायची की नाही हे कुटुंबाने ठरवावे, आणि उरलेली पाने नष्ट करावीत. सामन्यांचे कागद मात्र नावे काढून क्लबकडे ठेवण्यासारखे आहेत. बाकावरील वेळेची वाटणी कशी जमवली हे पुढच्या मॅनेजरला त्यातून कळते. वयोगट बदलताना बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात: १२ वर्षांखालील गटातून वर गेलेल्या मुलग्यांना ३ क्रमांकाऐवजी ४ क्रमांकाचा चेंडू मिळतो, मैदान मोठे होते आणि बहुतेक लीगांत संघ १८ जणांचा होतो. त्यामुळे जुने आकडे पुढे ओढू नयेत. नव्या चेंडूने, फेब्रुवारीतील पहिल्या सरावांत, चारही कौशल्यांची नोंद पुन्हा कोऱ्या पानावर घ्यावी.